टोपीसोबत आठ गाणी

नऊपैकी आठ रकाने भरून झाले होते आणि उस्ताद नवव्यावर येऊन अडला होता.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या या गृहस्थाला 'उस्ताद' हे नाव दुकानाच्या मालकाने दिलं होतं. त्यात आदर किती आणि टिंगल किती याची चौकशी त्याने कधी केली नाही. नाव आवडलं, ठेवून घेतलं. चार वर्षं खपून त्याने स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली आणि गिटारवर स्वतःच गायलेली आठ गाणी रेकॉर्ड केली होती. अल्बमचं नाव 'धुकं पुसताना'. गाणी विकणाऱ्या एका साइटवर तो टाकायचा, लोकांनी थोडे पैसे भरायचे आणि गाणी डाउनलोड करून घ्यायची, असा साधा मामला होता. पैशांची त्याला फिकीर नव्हती. त्याला हवा होता एक माणूस. अनोळखी, नात्यागोत्यातला नसलेला, आठही गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला. घरातली परीक्षा केव्हाच आटोपली होती: बायको तिसऱ्या गाण्याला झोपली होती. मालकाने एका कानात इअरफोन घालून तीन गिऱ्हाइकं केली होती आणि "छान आहे, पण जरा लांबलंय," असा निकाल दिला होता.

'खरेदीदाराला गाण्यांसोबत आणखी काय मिळेल?' असं नवव्या रकान्यात विचारलं होतं. बाजूला लाल चांदणी होती आणि रकाना रिकामा ठेवला तर साइट पुढे सरकू देत नव्हती.

"काय देऊ गं सोबत?" त्याने बायकोला विचारलं.

"डोकेदुखीची गोळी," ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

समोर कपाटाच्या दाराशी आत्या टोपी विणत बसली होती. पोस्टाच्या पार्सल खिडकीवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली ही आत्या भाच्याकडे राहायला आली ती लोकरीचे तीन पेटारे घेऊनच. लोकर त्या भिंतीतल्या खोल कपाटाच्या फळ्यांवर खालपासून वरपर्यंत ठासून भरली होती. त्यात स्टूल टाकून बसलं की आवाज जराही घुमत नाही, हा शोध उस्तादने लावला आणि तेव्हापासून ते कपाट त्याचा स्टुडिओ झालं. अडचण एवढीच, की आत्याची खुर्ची दाराबाहेरून हलत नसे.

"आत्या, रेकॉर्डिंग चाललंय. बोलू नकोस ना," आतून विनवणी येई.

"मी कुठे बोलतेय? मी मोजतेय," बाहेरून उत्तर जाई.

तर त्या रविवारी दुपारी नजरेसमोर जे होतं तेच उस्तादने रकान्यात लिहिलं: 'आत्याच्या हातची लोकरीची टोपी.' पुढचं पान उघडेपर्यंत लिहायचं, मग खोडायचं, असा बेत होता. पुढच्या पानावर मुखपृष्ठासाठी फोटो मागितला होता. केस अलीकडे विरळ झाल्यामुळे उस्तादने आत्याची टोपी घालून, मान कलावंतासारखी खाली घालून फोटो काढून घेतला होता. त्यात चेहरा नव्हताच, सगळी टोपी होती. तो फोटो चढवण्याच्या आनंदात खोडायचं राहिलं आणि त्याने शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'अभिनंदन! हे पान आता नव्वद दिवस बदलता येणार नाही.'

"आता?" उस्तादचा चेहरा पडला.

"घाबरतोस कशाला? घेतंय कोण?" बायकोने धीर दिला.

बुधवारपर्यंत अकरा जणांनी घेतला होता.

उस्ताद दुकानात काचा घासता घासता शीळ घालू लागला. "अकरा! एकही ओळखीचा नाही!" त्याने मालकाला फोन दाखवला. मालकाने चष्मा कपाळावर सरकवून पडदा निरखला. "इथे दोन आकडे आहेत की रे. विकले अकरा. डाउनलोड एक."

"तो एक मीच. बघितलं, नीट होतंय का ते."

"म्हणजे पैसे भरले आणि गाणी दुकानातच सोडून गेले?"

"सवडीने करतील," उस्ताद म्हणाला खरा, पण शीळ थांबली.

घरी आत्याला वेगळीच तरतरी आली होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदा तिच्या हातात अकरा पत्ते पडले होते. तिने वही आखली, गोंदाची बाटली काढली, खाकी कागद आणवला. टोपी विणायची, घडी घालायची, चारही कोपरे दाबून पुडकं बांधायचं, पत्ता ठसठशीत लिहायचा. पुढच्या आठवड्यात पत्ते चाळीस झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात नव्वद. जिन्यावरच्या दोन शेजारणींना तिने हाताशी घेतलं आणि त्यांची विणलेली पट्टी उसवून परत विणायला लावली. "माझ्या नावाने जातेय. टाका सैल चालायचा नाही," असं ती त्यांना बजावायची.

अल्बमखाली लोकांचे अभिप्राय येऊ लागले. पहिला आला तेव्हा उस्तादने बायकोला हात धरून समोर बसवलं आणि मोठ्याने वाचला: "'अप्रतिम. परवापासून डोक्यातून जात नाही.' बघितलंस?"

"पुढे वाच ना."

"'म्हणजे डोक्यावरून. झोपतानाही काढवत नाही.'" उस्तादचा आवाज खाली आला. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'मऊ आहे, टोचत नाही.' तिसऱ्या बाईंनी, 'आमच्या ह्यांना जरा घट्ट होतोय अल्बम, पण वापराने सैल होईल.' सगळ्यांनी पाचपैकी पाच चांदण्या दिल्या होत्या. त्या चांदण्या पाहून साइटने 'धुकं पुसताना'ला पहिल्या पानावर नेऊन बसवलं आणि वर पट्टी लावली: 'या आठवड्यातला सर्वांत ऊबदार अल्बम'. साहजिकच मागणी दुप्पट झाली.

डाउनलोड एक.

उस्तादने शेवटी एक मार्ग काढला. छोट्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या: 'कृपया गाणीही ऐकावीत. पाचवं जरूर.' रोज सकाळी दुकानात जाण्यापूर्वी तो प्रत्येक टोपीच्या घडीत एक चिठ्ठी सारायचा. आठवडा गेला, डाउनलोडचा आकडा ढिम्म हलला नाही. मग एका सकाळी कचऱ्याची बादली रिकामी करताना त्याला आपलं अक्षर दिसलं. सगळ्या चिठ्ठ्या तिथे होत्या, रबराने नीट बांधलेल्या.

"आत्या! हे काय?"

"पार्सलात चिठ्ठी चालत नाही," आत्या सुयांवरून नजर न उचलता म्हणाली. "चिठ्ठी असली की पत्राचा दर लागतो. एकतीस वर्षं मी लोकांची पार्सलं याच कारणाने परत केली. घरच्या माणसाला सूट देऊ?"

"अगं, पण त्यांना कळणार कसं, की आत गाणी आहेत?"

"आत कुठे आहेत? आत टोपी आहे."

उस्ताद संतापून गिटार घेऊन कपाटात शिरला. वैताग आला की गाणं करायची त्याला सवय होती. त्याने पहिली ओळ गायली आणि दचकलाच. आवाज रिकाम्या पिंपात ओरडल्यासारखा घुमत होता. त्याने दिवा लावला. फळ्या मोकळ्या पडल्या होत्या. कोपऱ्यात राखाडी लोकरीचा एकच गुंडा उरला होता, आणि तोही हळूहळू फिरत होता, कारण त्याचा धागा दाराच्या फटीतून आत्याच्या सुईवर जात होता.

उस्ताद खाली बसला. चार वर्षं आपण ज्या उबेत बसून गायलो ती पुडक्या-पुडक्यांनी गावोगाव निघून गेली आणि आपलं गाणं मात्र घरातच राहिलं, हे त्याला फार लागलं. बायको दाराशी आली, एकदा हसू आवरलं, मग त्याचं तोंड पाहून खरंच आवरलं. "मी आज शेवटपर्यंत ऐकते," ती म्हणाली. ती ऐकायला बसली आणि चौथ्या गाण्याला झोपली. प्रगती होती.

नव्वद दिवस संपायला चार दिवस होते तेव्हा एक पार्सल परत आलं.

आत्याने ते टेबलावर ठेवलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तिची एकही टोपी आजवर परत आली नव्हती. तिने पुडकं सोडलं, टोपी उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली, एकेक टाका तपासला. "काहीच तर दोष नाही," ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात घडीतून कागद पडला.

"पार्सलात चिठ्ठी!" आत्या एकदम सावरली. "याच्याकडून दंड घ्यायला पाहिजे."

उस्तादने कागद उचलून वाचायला घेतला. "'टोपीत दोष नाही, कुणा गरजूला द्यावी. मला टोपी नको होती. मला गाणी हवी होती. पानावरचं बटण चालेना, म्हणून मित्राच्या संगणकावरून उतरवून घेतली. आठही ऐकली. सलग, दोनदा.'"

बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आकडा बघणं सोडून दिलेल्या उस्तादने कित्येक दिवसांनी फोन काढून पान उघडलं. डाउनलोड दोन. त्याने तो दोनचा आकडा बोटाने पुसून पाहिला; काचेवरचा डाग नव्हता. मग घसा खाकरून पुढचं वाचायला लागला.

"'पाचवं गाणं तर रोज ऐकतो. त्यात मागे एक बाई अगदी हळू आवाजात काही मोजतात. दोन सुलट, दोन उलट. मधेच 'मेला सुटला' म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मला गेली सहा वर्षं झोप नव्हती. आता त्या दुसऱ्यांदा मोजेपर्यंत डोळा लागतो. त्यांचा स्वतंत्र अल्बम आहे का? असल्यास गाण्यांशिवाय मिळेल का?'"

बायको पदराआड तोंड लपवून आतल्या खोलीत गेली. आतून तिच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

आत्याने टोपी घडी करून ठेवली. "कोण आहे रे हा? माणूस जाणकार दिसतोय."

पुढच्या रविवारी उस्ताद सकाळीच बाहेर पडला आणि पगारातून लोकरीचे चाळीस गुंडे घेऊन आला. दुपारी कपाट पुन्हा भरलं. या वेळी स्टुलावर आत सुया घेऊन आत्या बसली आणि बाहेर तिच्या खुर्चीवर श्वास रोखून उस्ताद. "पाय हलवू नकोस, खुर्ची कुरकुरते," आतून हुकूम आला. त्याने पाय आवरले. पाऊण तास त्याने दोन सुलट, दोन उलट ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्यात चार डुलक्याही काढल्या.

संध्याकाळी तो आत्याच्या अल्बमचा फॉर्म भरायला बसला. आठ रकाने भराभर झाले. नवव्यावर लाल चांदणी होती.

"आत्या, सोबत काय द्यायचं? टोपी?"

"टोपी आता विकत," आत्या म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "सोबत तुझं एक गाणं लिही. पाचवं."

उस्तादला भरून आलं. त्याने लिहिलं: 'भाच्याच्या आवाजातलं एक गाणं.' त्याचं बोट शेवटच्या बटणाकडे गेलं.

"थांब," आत्याने मागून वाकून वाचलं. "आणि कंसात लिही, ऐकलंच पाहिजे असं नाही."