गाडीएवढं झुरळ

"नुसता फोन नंबर टाका. चित्र नको, नाव नको, काही नको," बायको म्हणाली आणि आपल्या बाजूनं तिनं चर्चा संपवून टाकली.

नवरा झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारायचा. लोक त्याला पेस्टवाले म्हणत, तेही म्हणायची वेळ आलीच तर, आणि हळू आवाजात. फोन घेणं, वेळा ठरवणं हे बायकोकडे होतं. व्हॅन पांढरीफटक, कोरी. ती कुणाच्या दारात उभी राहिली तर शेजाऱ्यांना वाटावं, पाव आले असतील. फवाऱ्याचा पंप प्रवासी बॅगेत घालून तो मागच्या दारानं आत जायचा आणि काम झालं की मागच्याच दारानं बाहेर पडायचा. दुसऱ्या दिवशी तीच माणसं रस्त्यात भेटली की त्याच्या आरपार बघत पुढे जायची. निम्मं शहर त्याच्या जिवावर शांत झोपत होतं आणि त्याला साधं "काय, बरंय ना?" विचारणारं कुणी नव्हतं. हे त्याला लागायचं. आपल्याला चारचौघांत कुणीतरी ओळख द्यावी, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि म्हणूनच गाडीला रॅप करून घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

गाडीवर अशी छापील फिल्म चढवून देण्याचं दुकान बायकोच्या धाकट्या भावाचं होतं. या कलेपुढे जगातल्या बाकीच्या कला त्याला किरकोळ वाटत.

"ताई, नुसता नंबर म्हणजे गाडीला नंबरप्लेट दोनदा लावल्यासारखं होईल," मेहुणा म्हणाला.

"मग मागच्या दारावर तेवढं करू," नवऱ्यानं मधला मार्ग काढला. "सिग्नलला मागे थांबलेले वाचतील."

"आणि शेजारून जाणाऱ्यांनी काय पाप केलंय? भाऊजी, चालत्या गाडीवरचं वाचत बसायला वेळ असतो का कुणाला? बघताक्षणी छातीत धडकी भरली पाहिजे!"

"आपल्या गिऱ्हाइकांच्या छातीत धडकी भरलेलीच असते," बायको म्हणाली. "म्हणून तर ती फोन करतात."

"माझं नाव मात्र मोठं असू दे," नवरा खाली बघत म्हणाला.

यावर बायको गप्प झाली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. मेहुण्यानं ते गप्प राहणं होकार समजून गाडीची किल्ली उचलली.

गाडी तयार झाल्यावर त्यानं दोघांना दुकानात बोलावलं आणि शटर वर केलं.

समोर झुरळ होतं. झुरळाचं चित्र नव्हे, झुरळ. डोकं बॉनेटवर, मिशा काचेच्या दोन्ही कडांनी वर चढून टपावर मागे वळलेल्या, पंख थेट मागच्या दारापर्यंत. तांबूस, तकतकीत, आत कुठेतरी दिवा लावावा तसे उजळलेले. बाजूंवर पाय. पायांवर काटे, आणि प्रत्येक काट्याची वेगळी सावली. ड्रायव्हरच्या दाराची मूठ बरोबर एका गुडघ्यात आली होती. या सगळ्याखाली नवऱ्याचं नाव होतं, ठळक, पिवळं. पण नाव वाचायचं तर आधी झुरळावरून नजर काढावी लागे आणि ती निघत नव्हती.

नवरा गाडीभोवती एक फेरी मारून आला. त्यानं एका पायावर हळूच बोट ठेवलं.

"जन्मभर मारतोय ह्यांना," तो म्हणाला. "पण इतकं देखणं असतं हे कधी कळलंच नाही. उभं राहून बघायला वेळ कुणी दिला?"

बायकोच्या अंगावर काटा आला होता. पण तिलाही खोटं बोलवेना. "भव्य आहे," ती म्हणाली.

गाडी रस्त्यावर आली आणि रस्ता थबकला. बस थांबा सोडून थोडी पुढे जाऊन थांबली. भुंकत धावून आलेलं एक कुत्रं जवळ येताच विचारात पडलं आणि उलट पावली गेलं. एका आजोबांनी तर नकळत टोपी काढली. गाडीत नवरा ताठ बसला होता. त्याच्याकडे, निदान त्याच्या दिशेनं, आख्खं शहर बघत होतं.

फोनही वाजू लागले. पण प्रत्येक फोनचा शेवट एकच.

"या हो नक्की या, पण गाडी नको," वकीलबाई कुजबुजल्या. "खाली माझी पाटी आहे. गाडी तिकडे ग्रंथालयापाशी लावा."

गाडी ग्रंथालयापाशी लागली. लगेच ग्रंथपाल धावत आला. "अहो, लोक पुस्तकं झटकून परत करताहेत! एक बाई तर चिमट्यात धरून घेऊन आल्या!"

मग गाडी बँकेपाशी गेली. तिथला रखवालदार म्हणाला की लॉकरवाल्या गिऱ्हाइकांनी आत काय काय ठेवलंय ते बघायला रांग लावलीय, कृपा करून हलवा. शाळेपाशी तर हँडब्रेकही ओढू दिला नाही. झुरळ जिथे उभं राही तिथल्या घराची अब्रू जाई. शेवटी नवरा गाडी गावाबाहेर लावून पंपाची बॅग खांद्यावर टाकून पायी येऊ लागला. पूर्वी निदान मागच्या दारापर्यंत तरी गाडी जायची. फोन कमी झाले, मग थांबले.

"अहो, ऐकता का," बायको शेवटी म्हणाली, आणि ती हे मुद्दाम मऊ आवाजात म्हणाली. "आपला धंदा औषधाचा नाहीच. औषध कुणीही मारील. लोक आपल्याला बोलावतात ते आपलं तोंड बंद असतं म्हणून. आणि आपण गाडीएवढं तोंड उघडलंय."

नवऱ्याला ते पटलं. पटलं म्हणून तर जास्त वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी फिल्म उतरवायला दोघं मेहुण्याच्या दुकानाकडे निघाली.

आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या दारात, ऐन जेवणाच्या वेळी, गाडीनं मान टाकली. चाक जाम. पुढे नाही, मागे नाही. टेबल मिळण्याची वाट बघत बाहेर रांग उभी होती, ती अख्खी झुरळाकडे वळली.

हॉटेलमालक आतून जवळजवळ उडतच आले. या हॉटेलात नवरा किती वर्षं फवारणी करत होता ते मोजणं अवघड होतं. पण हे माहीत असलेली माणसं जगात तीनच, आणि ती तिघंही आत्ता गाडीपाशी उभी होती.

"हलवा! आधी हलवा ही!" मालक दात आवळून म्हणाले.

"चाक फिरत नाहीये हो."

"काय हो मालक," रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे झुरळं आहेत?"

"छे छे! मी ह्या माणसाला ओळखतसुद्धा नाही!"

नवऱ्याचा चेहरा उतरला. बायको फणकारली, "अहो, सांगा ना त्यांना!"

"नाही सांगायचं," नवरा म्हणाला. "त्यांचं गुपित आहे. आपलं नाही."

काकू मात्र सहजासहजी सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग तुमच्याकडे फवारणी कोण करतं?"

"कुणीच नाही! गरजच काय?" मालक छाती फुगवून म्हणाले.

"कुणीच नाही?"

हे दोन शब्द रांगेत मागपर्यंत गेले. रांग एक पाऊल मागे सरकली. एका कुटुंबानं मुलांचे हात धरले आणि चालायला सुरुवात केली. आपण काय बोलून बसलो ते मालकांच्या ध्यानात आलं. घाम पुसत त्यांनी पेस्टवाल्याचा दंड पकडला, तो असा की सोडवताना दोघांना ओढावं लागलं असतं.

"थट्टा केली हो! हे आमचेच! दर महिन्याला येतात! कितीतरी वर्षं! असा माणूस शोधून सापडायचा नाही!"

"आमच्याकडे त्याच्याही आधीपासून येतात," समोरचा बेकरीवाला रस्ता ओलांडत ओरडला. मालकांना मान मिळालेला त्याला बघवत नसे.

"हे काय सांगता?" रांगेतून वकीलबाई पुढे आल्या. "आमच्याकडे तर आठवड्यातून दोनदा!" आणि बोलून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

पण आता मागे हटायची सोय नव्हती. डॉक्टर, शिंपी, ग्रंथपाल, एकेक जण पुढे येऊन आपल्याकडची फवारणी अभिमानानं जाहीर करू लागला. ज्यांच्याकडे तो कधीच गेला नव्हता ती माणसं अंग चोरून उभी राहिली. त्यांच्यातला एक चपलांचा दुकानदार हळूच बायकोच्या कानाशी आला. "वहिनी, गाडी जरा आमच्या दारासमोर ढकलता येईल का? थोडाच वेळ?"

नवरा मध्ये उभा होता. चारी बाजूंनी लोक त्याचं नाव घेत होते, मोठ्यानं, भर दुपारी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

मालक दोघांना पुढच्या दारानं आत घेऊन गेले. ओट्याखालचा, मोरीमागचा कोपरान् कोपरा नवऱ्याच्या ओळखीचा होता, पण उभ्यानं, खुर्च्यांवर माणसं असताना हा हॉल तो पहिल्यांदाच बघत होता. केवढं उंच छत होतं! केवढी झुंबरं! मालकांनी त्याला काचेलगतच्या टेबलावर बसवलं, बाहेरून दिसेल असं, आणि स्वतः सूप आणून ठेवलं.

तेवढ्यात त्याच्या हातून चमचा निसटला. तो घ्यायला नवरा टेबलाखाली वाकला.

अख्ख्या हॉलमधले घास हवेत थांबले. वाढपी थांबले. मालक खांबाला धरून उभे राहिले. टेबलाखालून त्याला वर यायला जरा वेळच लागला. वर आला तेव्हा एवढी माणसं श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"चमचा होता," तो शांतपणे म्हणाला.

हॉलनं श्वास सोडला. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. घास पुन्हा तोंडाकडे निघाले आणि मालक खांब सोडून गल्ल्याकडे गेले.

"नुसता चमचाच ना?" बायकोनं ओठ न हलवता विचारलं.

"एक माझ्या उजव्या बुटाखाली आहे," तो तसाच म्हणाला. "हॉल रिकामा होईपर्यंत मला उठता यायचं नाही."

बायकोनं आपले पाय सावकाश खुर्चीच्या दांडीवर घेतले, हसऱ्या चेहऱ्यानं शेजारच्या टेबलाकडे मान डोलावली आणि वाढप्याला हाक मारून आणखी सूप मागवलं.