दहा लख्ख शेपट्या

"ताई, दहाच्या दहा शेपट्या लख्ख केल्यात. या, बघा तरी!"

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या मामांच्या आवाजात लेकरांना न्हाऊमाखू घातल्याचं समाधान होतं. तरुण संशोधक ताईनं पिंजऱ्यात डोकावलं आणि ती मटकन स्टुलावर बसली.

त्यातले पाच उंदीर रक्तातल्या परजीवींच्या आजारातून उठलेले, पाच अगदी कोरे. आज सगळ्यांना तेच परजीवी टोचायचे होते. एकदा बरा झालेला उंदीर पुन्हा आजारी पडत नाही, एवढंच दाखवायचं; पण बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासूनची तिची सगळी मेहनत त्यात होती. आणि कोण कुठला, हे सांगणाऱ्या शाईच्या खुणा शेपट्यांवरच होत्या.

"फिक्या पडल्या होत्या ना! म्हटलं, आधी सगळ्या पुसू, मग नव्या ठसठशीत काढू. पिंजरे धुवायचे होते, म्हणून सगळ्यांना एकत्र ठेवलं."

"मामा, आता कुणाला कुठली खूण काढणार?"

मामांचा ब्रश हवेतच राहिला. मग "हात्तिच्या!" म्हणत त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. पाच उंदीर हुंगायला पुढे आले, पाच कोपऱ्यात दडले. "हे दडलेत ते जुने. सुई खाल्लीय त्यांनी. माणसाचा हात ओळखतात."

"शास्त्रात असं चालत नाही हो!"

तरी तिनं मामांनाच शेपट्यांवर एक ते दहा आकडे घालायला लावले, त्यांनी जुने म्हणून ओळखलेल्या पाचांचे आकडे स्वतः न बघता पाकिटात बंद करवले आणि सगळं खरं सांगून ते पाकीट तिच्या मार्गदर्शक सरांकडे दिलं. सरांनी ते रागानं खणात टाकलं. दहाही उंदरांना टोचलं.

सातव्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहिलं. पाचांच्या रक्तात परजीवींची जत्रा, पाचांचं स्वच्छ. सरांनी पाकीट फोडलं. स्वच्छ रक्ताचे पाचही आकडे मामांचेच!

"तपासणारीलाच ठाऊक नाही कोण कुठला!" सर खुर्चीतून उठलेच. "इतका निःपक्षपाती प्रयोग इथे कधी झाला नव्हता. श्रेय कुणाचं?"

"मामांचं," ताई ताठ मानेनं म्हणाली.

अहवालात तिनं लिहिलं, 'उंदरांची ओळख अनुभवी निरीक्षकाने पटवली.' मामांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं.

"ताई, याचा फोटो पाठवा. बायकोला दाखवतो. बत्तीस वर्षांत घरात एकदासुद्धा मला कुणी अनुभवी म्हटलेलं नाही!"