शिवनी वगळून जबलपूर

गणपतराव निमज्यांच्या मोटारीत बसायचे असेल तर आधी वजन करून घ्यावे लागे. गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या लुगड्यांच्या दुकानात, सुताची गाठोडी जोखायचा एक मोठा काटा तुळईला टांगलेला होता. त्याच्या एका पारड्यात प्रवाशाने मांडी घालून बसायचे आणि दुसऱ्या पारड्यात गणपतरावांनी वजने चढवायची. माणूस झाला की त्याची वळकटी, मग फराळाचा डबा. आजूबाजूचे विणकर हातातले काम टाकून बघायला येत आणि काटा स्थिर झाला की आकडा मोठ्याने सांगत. एका लठ्ठ वकिलांना उमरेडच्या कोर्टात जायचे होते. त्यांचा आकडा ऐकून गणपतरावांनी त्यांची कायद्याची दोन पुस्तके उचलून बाजूला ठेवली. वकील पुस्तकांशिवाय गेले. खटला हरल्याचा दोष ते पुढे कितीतरी दिवस काट्याला देत होते.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो आणि त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. गणपतराव मला एडिटरसाहेब म्हणत. मी एडिटर नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितले होते.

मोटार त्यांनी युद्ध संपल्यावर कामठीच्या छावणीतल्या लिलावात घेतली होती. रंग लष्करी, आवाज पिठाच्या गिरणीचा. लुगड्यांची गाठोडी घेऊन ते अमरावती, रायपूर, छिंदवाड्याच्या व्यापाऱ्यांकडे जात. मोहल्ल्यात त्यांना पाठीमागे 'गॅलन' म्हणत. तोंडावर कोणी म्हटले तरी त्यांना राग येत नसे.

त्यांच्याकडे नकाशा नव्हता. त्यांचे रस्ते सुताचे होते. वीतभर सूत म्हणजे दहा मैल. सपाट रस्त्याला पांढरे सूत, चढाला तांबडे, उताराला हिरवे, आणि जिथे पेट्रोल मिळते तिथे गाठ. हे सूत कांडीवर गुंडाळलेले असे. दुकानात खिळ्यांना अशा कांड्या ओळीने लटकत आणि 'अमरावती काढ' म्हटले की गणपतराव अमरावती काढत. प्रवासाच्या आदल्या दिवशी ते गादीवर सूत पसरून बसत, तांबड्या विती मोजत, प्रवाशांचे वजन मनात धरत, आणि शेवटी पेट्रोलचा आकडा सांगत. कोणी शंका काढली की एकच उत्तर असे. "हिशोबात हाय गा ते."

हिरवे सूत आले की ते इंजिन बंद करत. तळेगावच्या घाटात मी एकदा त्यांच्या शेजारी बसलो होतो. मोटार आवाज न करता खाली धावत होती आणि पुढे बैलगाड्या होत्या. मी हॉर्नकडे हात नेला, तो त्यांनी धरला.

"हॉर्न बॅटरी खाते. बॅटरी इंजिन भरते. इंजिन काय पिते?"

"पेट्रोल."

"मंग ओरडा."

मी खिडकीतून डोके बाहेर काढून घाटभर 'बाजू, बाजू' ओरडत गेलो. तिसऱ्या बैलगाडीत आमच्याच कार्यालयाचे व्यवस्थापक बसले होते. सासरच्या गावी निघाले असावेत. त्यांनी मला ओळखले आणि तोंड फिरवले.

असा हा माणूस. आणि त्यांच्या भिंतीवरच्या जबलपूरच्या कांडीत मात्र एक गोष्ट जुळत नव्हती. नागपूरहून जबलपूरला सरळ रस्ता शिवनीवरून जातो. गणपतरावांचे सूत छिंदवाड्यावरून, नरसिंगपूरचा वळसा घेऊन जाई. ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी.

माझी बहीण जबलपूरला असते. रेल्वेने जायचे तर इटारसीचा फेरा, आणि रजा थोडी. गणपतरावांना तिकडे माल पोचवायचाच होता. "चला संगं," ते म्हणाले. आदल्या दिवशी दुपारी माझी बायको शांता आणि मी दुकानात उतरलो. ती पारड्यात बसायला तयार नव्हती. शेवटी डोक्यावरून पदर पुढे ओढून बसली. विणकरांनी आकडा सांगितला. एकाने तो दुरुस्त करून पुन्हा सांगितला. शांता उठली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी छताकडे बघत होतो.

मग गणपतरावांनी जबलपूर पसरले.

"हे चाळीस मैल जास्त होतात," मी म्हणालो.

"होतात."

"म्हणजे दोन गॅलन."

"हिशोबात हाय गा ते."

"शिवनीवरून का नाही जायचं?"

"रस्ता खराब हाय तिकडचा."

तो रस्ता नुकताच डांबरी झाल्याची बातमी आमच्याच पत्रात आली होती, शीर्षक मी दिले होते. तसे मी सांगितले.

"पेपरात काही बी छापता तुम्ही," गणपतराव म्हणाले आणि सूत गुंडाळू लागले.

शांताचा राग अजून उतरला नव्हता. "कुठूनही न्या," ती म्हणाली, "पण वेळेवर न्या. परवा सकाळचा मुहूर्त आहे. मुलीला बोहल्यावर यांनी आणायचंय. एकुलता एक मामा आहे."

गणपतरावांचा हात थांबला.

"नवरीचे मामा तुम्ही?"

"हो."

"पहिले काहून नाही सांगितलं?"

त्यांनी हातातली कांडी खिळ्याला परत टांगली, गादीचे टोक उचलले आणि खालून दुसरी काढली. तिच्यावरचे पांढरे सूत पिवळे पडले होते. ती त्यांनी पसरलीही नाही. "उद्या सकाळी निघू," म्हणाले, "शिवनीवरून."

सकाळी मागच्या बाजूला, लुगड्यांच्या गाठोड्यांखाली, पेट्रोलचे दोन भरलेले डबे होते. त्यांचे वजन त्यांनी केले नव्हते. कामठी गेली, मनसर गेले, देवलापारच्या पुढे जंगल लागले. वाटेत हिरवे सूत बरेच होते, पण त्यांनी एकदाही इंजिन बंद केले नाही. कुरईचा घाट मागे टाकल्यावर, शिवनी चार-पाच मैलांवर राहिली असताना, एका लहान पुलाशी त्यांनी मोटार थांबवली. मांडीवरच्या कांडीला तिथे गाठ होती. आसपास पेट्रोल मिळण्यासारखे काही नव्हते. एक पळस होता, खाली नाला.

त्यांनी एक डबा काढला आणि नरसाळ्याने टाकी काठोकाठ भरली. नरसाळ्याच्या टोकाला राहिलेला थेंबसुद्धा झटकून आत पाडला. मग पुलाच्या कठड्यावर बसले.

"कमळीच्या लग्नाले इथं संपलं," ते म्हणाले. "माह्या बहिणीची पोरगी. शिवनीले दिली हाय बहीण. मी मामा."

नरसाळे त्यांनी शेजारी कठड्यावर उपडे ठेवले.

"पितळेचं आंदण घेऊन चाललो होतो. हंडा, घंगाळ, परात, समया. मोटार भरून. मले मोजलं होतं, बायकोले मोजलं होतं. भांडे नाही मोजले."

"का बरं?" शांताने विचारले.

"आंदण कोणी मोजते का वं?"

त्यांना बैलगाडी मिळून ते शिवनीला पोचेपर्यंत मुहूर्त टळत आला होता. शेजारच्या एका गृहस्थांना मामा म्हणून उभे केले गेले. कमळी बोहल्यापर्यंत मागे वळून रस्त्याकडे बघत गेली, असे त्यांना नंतर कोणीतरी सांगितले.

"आणि बहीण काय म्हणाली?" मी विचारले.

"काही नाही. म्हणे, जेवून घे." गणपतरावांनी कांडी खिशात घातली. "शिव्या देल्या असत्या तं गेलो असतो मी पुन्हा. भाऊबीजेचं लुगडं पाठवतो. पोस्टानं."

शांताने पदर नीट केला आणि आपण होऊन मोटारीत जाऊन बसली. काट्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

शिवनीच्या वस्तीत शिरताच गणपतरावांनी इंजिन बंद केले. इथे ना चढ होता ना उतार.

"बहिणीचं घर रस्त्यावरच हाय," ते म्हणाले. "या मोटारीचा आवाज तिच्या ओळखीचा हाय."

"मग?"

"ढकला."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी टोपी काढून डोक्याला पंचा गुंडाळला, तोंडावरून एक पदर घेतला आणि सुकाणू धरून समोर बघत बसले. मी लग्नासाठी धुवून ठेवलेला कोट घातला होता. शांता पैठणीत होती. शिवनीच्या भर रस्त्यातून आम्ही दोघांनी ती लष्करी मोटार ढकलली. पानवाला उठून उभा राहिला. सायकलवरून चाललेले एक गृहस्थ उतरले, थोडा वेळ आमच्याबरोबर चालले आणि हिंदीत म्हणाले, "बहनजी को तो बैठने दीजिए." मी मान खाली घातली आणि ढकलत राहिलो. माझ्या आयुष्यात मला इतके लोक एकाच वेळी बघत आहेत असे पूर्वी कधी झाले नव्हते, आणि टाकी तुडुंब भरलेली होती.

एका निळ्या दारासमोर मोटार अडली. रस्त्यातल्या खळग्यात चाक गेले. आम्ही जोर लावला, ते पुढे जाईना. ओट्यावर एक म्हातारी होत चाललेली बाई डाळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवले आणि मोटारीकडे नीट पाहिले.

"गणपत का गा?" ती म्हणाली. "पेट्रोल पुन्हा संपलं?"

गणपतरावांनी तोंडावरचा पंचा काढला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी मागच्या गाठोड्यांवर कोपर टेकून उभा होतो, आणि त्यांच्याखाली दुसरा भरलेला डबा होता.

"संपलं वं बाई," ते म्हणाले.

बहिणीने, म्हणजे सरूबाईंनी, आतून नवऱ्याला हाक मारून मोटारस्टँडवर पेट्रोल आणायला पाठवले. आम्ही कुठे चाललो ते विचारले. मी नवरीचा मामा आहे हे कळल्यावर त्यांनी लगेच विचारले, "मुहूर्त कधीचा?" उद्या सकाळचा, मी सांगितले. "मंग वेळ हाय," त्या म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "जेवून घे."

पाटवड्यांचा रस्सा होता. गणपतराव खाली मान घालून जेवत होते. सरूबाई वाढत होत्या.

"कमळी आली होती मागं. पोराले घेऊन."

गणपतरावांनी भाकरी मोडली.

"पोरगं विचारून राहिलं होतं, मामाआजाची मोटार खरंच हाय का म्हणून. कमळी म्हणे, हाय. लय आवाज करते म्हणे."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात बराच वेळ राहिला. शांताने पाण्याचा तांब्या उगाच माझ्याकडे सरकवला.

मेहुणे डबा घेऊन आले. सगळे बाहेर आलो. मी गणपतरावांच्या कानाशी म्हणालो, "मी ओततो, नुसतं केल्यासारखं करतो." त्यांनी मला बाजूला केले. झाकण काढले, नरसाळे लावले आणि डबा तिरपा केला.

थोडेसे आत जाताच पेट्रोल नरसाळ्यातून उलटे वर आले, मडगार्डवरून ओघळले आणि रस्त्याच्या धुळीत पडू लागले. मेहुणे "अरे, अरे" म्हणाले. गणपतराव ओतत राहिले. त्यांच्या धोतराचा काठ भिजला. पण डबा त्यांनी सरळ केला नाही, आणि बहिणीकडे वर पाहिलेही नाही.

सरूबाई ओट्यावरून खाली आल्या. त्यांनी रस्त्यावरचा ओला डाग पाहिला, टाकी पाहिली. मग भावाच्या मनगटाला धरून डबा उभा केला.

"पुरे गा, गणपत," त्या म्हणाल्या. "भरली हाय."