हजेरी सक्तीची

मधुवंतीने ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला नाही, आणि तिथून तिचे दिवस फिरले.

मॅटलॅब नावाचं एक गणितं करणारं सॉफ्टवेअर आहे. त्याला काय करायचं ते सांगायचं आणि ओळ अर्धविरामाने बंद करायची. नाही केली, तर ते पोटातला एकूण एक आकडा पडद्यावर ओकत बसतं. निघोज्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मधुवंती कैक वर्षं खडू-फळ्यावर गणित शिकवत आली होती. यंदा अभ्यासक्रम बदलला आणि ही लॅब तिच्या गळ्यात पडली. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडे पळायला लागले, ते काही थांबेनात. मधुवंती दिसेल ती कळ दाबतेय आणि मागची पोरं टाळ्या पिटतायत! शेवटी शिपायाने येऊन मेन स्विच पाडला.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्ही करारावर आहात. लॅब सध्या दुसऱ्या कुणाला देतो. सत्राच्या शेवटी संचालकांसमोर एक डेमो द्या, याच सॉफ्टवेअरवर, वर्ग भरवून. जमलं तर करार पुढे. नाहीतर... बघा बुवा."

'बघा बुवा' म्हणजे काय, हे तिला घरी रोज दिसत होतं. तिचा नवरा सुरेंद्र चाकणच्या एका कंपनीत प्रॉडक्शन सुपरवायझर होता. कंपनीने ती लाइन परराज्यात हलवली आणि सुरेंद्रला घरी बसवलं. अजूनही तो सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि चिखलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून दुसऱ्यांच्या कंपन्यांच्या बसेस बघायचा. बघून झालं की शर्ट काढून घडी घालायचा. घर मधुवंतीच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

"शिकवणी लाव की," तो म्हणाला.

"या वयात? अहो, आकुर्डीच्या क्लासला सगळी माझीच पोरं असतात."

"मग स्कार्फ बांध. आपल्याकडे स्कूटरवरच्या बाईचं तोंड बघितलंय कुणी?"

हे मात्र खरं. आपल्याकडे बाई स्कूटरला किल्ली लावण्याआधी तोंडाला स्कार्फ लावते. सख्खी बहीण सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी ओळख पटायची मारामार. मधुवंतीने लेकीचा जुना कुर्ता चढवला, स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढला आणि आकुर्डीत बिर्याणीच्या दुकानावरच्या क्लासचा जिना चढली. पुढच्या बाकावर तिच्या वर्गातली दिव्या आणि सुजित. ती मागच्या बाकाकडे वळली.

"या ताई," दिग्विजय नावाचा पोरगेला मास्तर म्हणाला. "नाव?"

घाईत तिला दुसरं काही सुचेना. "रुक्मिणी." हे तिच्या सासूबाईंचं नाव, आणि त्या परळीला भजनात टाळ कुटत होत्या.

"आणि तो स्कार्फ?"

"धुळीची ॲलर्जी आहे."

तळवड्याच्या धुळीच्या रस्त्याने रोज येणाऱ्या त्या वर्गाला यात काडीचंही नवल वाटलं नाही. उलट दिव्याने तिला आपल्या ॲलर्जीच्या गोळीचं नाव सांगितलं. फोन नंबर मागितला तेव्हा मधुवंतीने सुरेंद्रचा दिला, कारण तिचा पोरांकडे होता. आता कुणी म्हणेल, आवाजावरून कशी ओळखली नाही? अहो, ओळखायला तो आधी कधी ऐकायला नको का!

स्कार्फच्या आत मधुवंती वेगळीच बाई झाली. येत नाही ते बिनदिक्कत विचारायची. चुकली तर हसायची. एकदा सुजित म्हणाला, "ताई, तुमी लय भारी डाउट काढता राव. आमच्या मॅडमला काय पण विचारा, 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणून मोकळ्या!"

"असेल बाबा, नसेल सिलॅबसमध्ये," रुक्मिणीताई म्हणाली. आत तिचे कान तापले होते. ते वाक्य तिचंच होतं आणि ती ते रोज वापरायची.

पण ती शिकली. जीव तोडून शिकली. आणि इतकी शिकली तेच बाधलं. दिग्विजयला माणच्या बाजूला एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याने बॅच तिच्या गळ्यात घातली.

"ताई, आता तुम्हीच घ्या. पोरं तुमचं ऐकतात."

तिने नको म्हणायला तोंड उघडलं होतं. करारानुसार खासगी शिकवणी घेणाऱ्याला कॉलेजात थारा नव्हता. पण तेवढ्यात सुजितने "ताई शिकवणार?" म्हणून टाळी पिटली आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. शिक्षकाच्या जन्मात तिच्यासाठी वाजलेल्या या दुसऱ्या टाळ्या. पहिल्या आकडे पळाले तेव्हाच्या. बाई विरघळली.

झालं! संध्याकाळी रुक्मिणीताई आकुर्डीत असं शिकवायची की पोरं खालच्या बिर्याणीचा वास विसरायची. सकाळी मधुवंती मॅडम कॉलेजात पदर सावरत वहीतून वाचायच्या आणि पोरं डुलक्या काढायची. तोंड उघडं पडलं की तिची जीभ टाळूला चिकटायची, त्याला ती तरी काय करणार?

क्लासचा ग्रुप सुरेंद्रच्या फोनवर होता. रिकाम्या माणसाला काम मिळालं, तो हरखून गेला. रुक्मिणीताईच्या नावाने तो पोरांना कंपनीतल्यासारख्या सूचना धाडू लागला. 'उद्याचा विषय आलेख. वेळ पाळावी. खाडा चालणार नाही.' पोरंही मुकाट 'हो ताई' म्हणायची. सुरेंद्र आता शर्ट घातला की दिवसभर काढेना.

डेमोचा शुक्रवार उजाडला. डेमो दुपारी दोनचा. मधुवंती भल्या सकाळी कॉलेजला गेली, फोन पर्समध्ये टाकला आणि रिकाम्या वर्गात उभी राहून तालीम करू लागली. आज तिने ठरवलं होतं, स्कार्फ नसला तरी रुक्मिणीसारखंच शिकवायचं.

इकडे ग्रुपवर दिव्याने विचारलं, 'ताई, उद्या प्रॅक्टिकल आहे. आज अकराला जादा तास घ्याल का?' सुरेंद्रने हिशेब मांडला. अकराला तास, साडेबाराला सुटका, दोनच्या आत निघोजे. वेळ बसत होता. त्याने ठणकावून लिहिलं, 'तास होणार. हजेरी सक्तीची. जो येणार नाही त्याने पुन्हा तोंड दाखवू नये.' मग बायकोला निरोप टाकला आणि खुशीत चहा टाकला.

तिकडे संचालकांना दुपारी एका उद्घाटनाचा नारळ फोडायला जायचं निघालं. प्राचार्य धावत आले. "मॅडम, डेमो आत्ता! अकराला!"

संचालक आले, प्राचार्य आले. बाक मात्र ओस पडले होते. एकट्या शेवटच्या बाकावर निघोज्याचाच बंटी डोकं टेकून झोपला होता.

"कुठं गेला वर्ग?" संचालकांनी त्याला हलवलं.

"आकुर्डीला, सर," बंटी डोळे चोळत म्हणाला. "जादा तास हाय मॅटलॅबचा. रुक्मिणीताई घेत्यात. हजेरी सक्तीची हाय."

"मग तू नाही गेलास?"

"डोळा लागला व्हता. न्हाई तर गेलो असतो की."

संचालक प्राचार्यांकडे वळले. "आपल्या बाईंचा डेमो सोडून पोरं तिकडं पळतात? मग त्या रुक्मिणीबाईंनाच घ्या की इथं!"

मधुवंतीच्या ओठांवर आलं, 'अहो, ती मीच.' पण म्हणावं तर करार मोडला म्हणून नोकरी जाणार, आणि न म्हणावं तर वर्ग रिकामा म्हणून जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिने पर्स उचलली.

"सोमवारपासून येऊ नका, मॅडम," प्राचार्य बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आणि जाता जाता एक काम करा. त्या रुक्मिणीबाईंचा नंबर मिळतो का बघा."

पार्किंगमध्ये तिने फोन काढला. निरोप वाचला. नवऱ्याला फोन लावला.

"अगं, आहेस कुठं?" सुरेंद्रचा आवाज नुसता उतू जात होता. "पोरं कधीची येऊन बसलीत! शंभर टक्के हजेरी! आपल्या लाइनवर सुद्धा कधी लागली नव्हती!"

"अहो, डेमो झाला."

"झाला? दोनचा ना? कसा झाला?"

"हजेरी नव्हती," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "मी जेवायचं थांबतो." तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आलं ते रडू.

कंटेनरच्या रांगेत धूर खात ती आकुर्डीला पोहोचली. जिन्याखाली तिने स्कार्फची गाठ सोडली. आता लपवायचं कुणापासून? पोरांना सगळं खरं सांगायचं आणि हात जोडायचे. कॉलेजच्या साडीत, उघड्या तोंडाने ती वर चढली आणि दारात उभी राहिली.

पन्नास डोळे वळले. वर्ग ताडकन उभा राहिला.

"मॅडम!" दिव्या रडवेली झाली. "आम्हाला आत्ता कळलं, तुमचा डेमो अकरालाच झाला. खरंच थांबलो असतो हो मॅडम. पण ताईंनी हजेरी सक्तीची केली. त्या फार कडक आहेत."

"पोरांनो," मधुवंती म्हणाली. "ताई आता येणार नाहीत. मी..."

"येतील हो मॅडम!" सुजित मध्येच म्हणाला. "ताई कधी खाडा करत नाहीत." मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने शेवटच्या बाकावरच्या पोरांना सरकवलं, आपल्या रुमालाने बाक पुसला आणि आवाज खाली आणला. "तुमी बसा. लाजू नका, मॅडम. काय पण विचारा त्यांना, सगळं सांगतात. शिकायला वय नसतं."

वर्गात कुणीही हसलं नाही. दिव्याने आपली वही तिच्यापुढे सरकवली. मधुवंती त्या पुसलेल्या बाकावर बसली, आणि सगळ्यांबरोबर दाराकडे बघू लागली.