खवलेबाई आणि एकवीस सिटिंगचा कोर्स

एका जंगलात, बाळांनो, पाठदुखी नव्हती. पाठी होत्या, चिक्कार होत्या. पण त्या दुखतात हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तसं सांगणारं अजून कोणी आलं नव्हतं.

मग डॉक्टर सारसे आले.

सारसे म्हणजे सारस पक्षी. लाल डोकं, लांब मान, आणि तासन् तास ताठ उभं राहायची हौस. दूरच्या कुठल्याशा तळ्यावर सहा आठवडे राहून ते पाठीचं शास्त्र शिकून आले होते. आल्या आल्या त्यांनी नदीकाठी ‘ताठ कणा केंद्र’ उघडलं. फीत कापायला बिबटेसाहेबांना बोलावलं. बिबटेसाहेब कोण, ते कळलं ना? हां, तेच, ठिपकेवाले. त्यांनी दातांनीच फीत तोडली आणि भाषण ठोकलं. म्हणाले, “वाकलेलं जंगल पाहिलं की माझ्या पोटात कालवतं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोटात नेमकं काय कालवतं, हे कोणी विचारलं नाही.

आता आपल्या खवलेबाई. खवले मांजर पाहिलंय का रे कोणी? नाही ना? मग नीट ऐका, मध्ये बोलू नका. अंगभर खवले, लांब शेपूट. चालायच्या मागच्या दोन पायांवर, पुढचे पाय पोटाशी धरून आणि अशा वाकून, की वाटावं बाई अर्ज घेऊन कचेरीत निघाल्यात. त्यांची आई तशीच चालायची, आजीही तशीच. शेपटीवर त्यांचा एकुलता एक गेंदू बसलेला असायचा.

कोणी अंगावर आलं की खवलेबाई गेंदूला पोटाशी ओढायच्या आणि त्याच्याभोवती स्वतःची गुंडाळी करून घ्यायच्या. बाहेर नुसते खवले. आत आई नि पोर, गपगार. बिबटेसाहेबांनी तीनदा ती गुंडाळी फोडून पाहिली होती. तिन्ही वेळा त्यांची दाढ आठ-आठ दिवस ठणकली होती.

एकदा ते वाटेत भेटले. चांगले चार हात लांब उभे राहून बोलले.

“खवलेबाई, राग मानू नका, पण तुम्ही फार वाकता हो.”

“आम्ही अशाच, साहेब.”

“तुमचं जाऊ द्या. पोराकडे बघा! आईचं पाहूनच लेकरू शिकतं. उद्या चार लोकांत हा असा पोक काढून गेला तर काय इज्जत राहील त्याची?”

झालं! पोराचं नाव काढलं की आईच्या काळजाला घोर लागतोच. खवलेबाई घरी आल्या, गेंदूकडे पाहिलं. पोर खरंच वाकून चालत होतं. इतके दिवस ते त्यांना गोड वाटायचं.

शेजारच्या साळूताई साळिंदर म्हणाल्या, “अगं, जा की बिनधास्त! माझी आठ सिटिंग झाली. काटे बघ कसे सरळ झालेत.” साळूताईंचे काटे आधीही सरळच होते. पण ते आता कोणाच्या लक्षात राहणार?

खवलेबाई गेल्या. डॉक्टरांनी त्यांना खडकावर पालथं झोपवलं, एक पाय पाठीवर रोवला आणि चोचीनं असा काही हिसका दिला की कट्ट!

“आई गं! मेले!”

“ऐकलात आवाज? हा तुमचा दोष बाहेर पडला.”

“कुठून पडला हो?”

“बाई, प्रश्न विचारले की स्नायू आखडतात. एकवीस सिटिंगचा कोर्स आहे. एकही चुकवायचं नाही.”

दहाव्या सिटिंगला पाठीच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्या आल्या. वरून वेलींनी करकचून बांधल्या. खवलेबाईंचं नाक आभाळाकडे झालं.

“डॉक्टर, माझं तोंड वारुळापर्यंत पोचत नाही.”

“उत्तम! म्हणजे मान सुटली.”

“अहो, मुंग्या मिळत नाहीत. उपाशी राहते मी.”

“तरीच सडपातळ दिसताय!”

लोकही तेच म्हणू लागले. जो तो थांबून बघायचा. “वा खवलेबाई, काय रुबाब!” आणि खरं सांगायचं तर खवलेबाईंना ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर कोणी त्यांना वा म्हटलं नव्हतं. पोटात कावळे ओरडत असायचे, पण वर सगळं जंगल कौतुक करायचं, आणि बाई त्यातच खूश.

रडायचा तो फक्त गेंदू. झोपताना तो आईच्या पोटाशी शिरायला बघायचा आणि शिरायला जागाच नसायची.

“आई, तू लाकडासारखी झालीस,” तो मुसमुसत म्हणाला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “पोराची सवय मोडा. येत्या सोमवारपासून त्यालाही आणा. कोवळी हाडं लवकर वळतात.”

खवलेबाईंच्या मनात कुठंतरी खुट्ट झालं. पण त्या ‘हो’ म्हणाल्या.

सतरावं सिटिंग झालं आणि गेंदूला शेपटीवर घेऊन त्या घरी निघाल्या. वाटेत बिबटेसाहेब बसले होते. या वेळी चार हात लांब नव्हते.

खवलेबाईंनी गेंदूला पोटाशी ओढलं आणि गुंडाळी करायला गेल्या. कामट्या जागच्या हलेनात. पुन्हा जोर लावला. काही नाही! गेंदू त्यांच्या पोटाशी लोंबकळत राहिला, सगळाच्या सगळा उघडा.

“घाई करू नका,” साहेब मजेत म्हणाले. “आधी मला डोळे भरून पाहू द्या. काय हा ताठपणा! सतरा सिटिंगपूर्वी या बाई कशा होत्या आणि आज कशा आहेत!”

साहेबांना भाषणाची भारी खोड. समोर श्रोता एकच होता आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं. असा योग पुन्हा कधी यायचा? ते उभे राहिले, घसा खाकरला आणि आरोग्यावर बोलू लागले.

त्यांचं आरोग्य चालू होतं तोवर खवलेबाईंच्या मनात नुसता जाळ उठला होता. साहेबांचा राग आला, डॉक्टरांचा आला, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. माझ्या पोटातली लेकराची जागा मीच बांधून घेतली! आणि कशासाठी? चार लोक वा म्हणतात म्हणून?

ज्या नखांनी त्या दगडासारखी वारुळं फोडायच्या, ती नखं त्यांनी वेलींत घातली. एक वेल तुटली. दुसरी तुटली. साहेब “आणि शेवटी मी एवढंच म्हणेन” इथवर आले आणि कामट्या खाली पडल्या.

आखडलेली पाठ वाकवताना बाईंना अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण त्या वाकल्या. गेंदू आत गेला, शेपूट वरून बसलं. साहेबांनी झेप घातली, चावून पाहिलं, उलथं करून पाहिलं, सूर्य बुडेपर्यंत लोटून पाहिलं. शेवटी मान लचकली, तेव्हा शिव्या देत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सारसे स्वतः खवलेबाईंच्या बिळाशी आले. मागे साळूताई आणि निम्मं जंगल. खवलेबाई वारुळात तोंड खुपसून मुंग्या खात होत्या. वाकून.

“शोभतं का हे?” डॉक्टर कडाडले. “चारच सिटिंग राहिली होती!”

“इतकं केलं बिचाऱ्यांनी, आणि ही पुन्हा वाकलीच!” साळूताई म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

खवलेबाईंनी तोंड पुसलं. “डॉक्टर, तुमचा कणा फार छान आहे. मान तर काय, लांबून दिसते. जपा तिला. बिबटेसाहेब कालपासून उपाशी आहेत.”

“ठाऊक आहे मला,” डॉक्टर ऐटीत म्हणाले. “त्यांची मान लचकलीये. आज दुपारी पहिलं सिटिंग आहे त्यांचं. आम्ही दोघंच असू. गर्दी नको, म्हणालेत.”

तात्पर्य : उपचार कधीही अर्धवट सोडू नयेत. अर्धवट सोडले की रोगी वाचतो आणि शास्त्राची उगाच बदनामी होते.