बिनबेरीचं तूप

भोकरदनच्या उषाबाईंच्या नाकाला अख्खी गल्ली वचकून असे. तूप अस्सल की भेसळीचं, हे डब्याचं झाकण उघडताच त्या सांगत. दुसऱ्याच्या तुपाला त्यांनी आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं होतं. ते दिवाळीला अंबडहून विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईनं, पाठवलेलं. ते तर त्यांनी गल्लीभर चाखायला दिलं होतं.

आज त्याच विहीणबाई, कौसाबाई, पुरणपोळीला येणार होत्या आणि नेमकी म्हैस आटलेली. विहिणीच्या ताटात विकतचं तूप? नाकच कापलं जायचं. एवढ्यात फ्रिजमध्ये पिवळ्या लोण्याची वडी दिसली. उषाबाईंनी कोणाला न विचारता ती पातेल्यात टाकली, नागवेलीचं पान सोडलं आणि कढवायला घेतली.

पण तळाशी बेरी काही धरेना. बेरी धरल्याशिवाय तूप झालं असं त्या मानतच नसत.

"मीना, कसलं लोणी आणलंस गं हे?"

सून धावत आली. "आत्याबाई! ते लोणी न्हाई, मार्गारीन हाय. तेलापासून बनवत्यात. नानकटाईसाठी आणल्तं मी!"

"मंग सांगायचं न्हाई?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

तोवर दारात चपला वाजल्या. कौसाबाई आल्याच. उषाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि पोळीवर धार सोडली.

"काय तूप हाय, इहीणबाई!" कौसाबाईंनी बोटं चाटली.

"घरचं हाय, बिलकुल असली," शेजारी जेवत असलेल्या उषाबाईंच्या नवऱ्यानं, रामरावांनी, मिशीला पीळ भरला. बायकोच्या तुपाचा त्यांना भारी अभिमान, आणि पातेल्यातली भानगड त्यांना ठाऊक नव्हती.

"मंग थोडी बेरी द्या की. साखर घालून खाते. लई दिस झाले."

उषाबाईंचा हात थांबला. खोटं तूप वाढता येतं, खोटी बेरी कुठून आणणार? मांजरानं खाल्ली म्हणता आलं असतं. पण फुकटची वाहवा त्यांना पचेना.

"बेरी न्हाई," त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "कारण हे तूपच न्हाई. मार्गारीन हाय. म्हैस आटली आमची."

रामरावांना ठसका लागला. कौसाबाईंनी मात्र मोठा सुस्कारा सोडला.

"लई हलकं वाटलं बघा. दिवाळीला आमची बी आटल्ती. तुम्हाला धाडलेलं बी हेच व्हतं!"

मीनानं तोंडाला पदर लावला. उषाबाईंचा हात नकळत नाकाकडे गेला आणि तसाच खाली आला.

"असंल," त्या म्हणाल्या, "पण कढवलं बराबर व्हतं तुम्ही. ते मी तव्हाच वळखलं."

आणि विहिणीच्या पोळीवर त्यांनी आणखी एक धार सोडली.