इथं तर छान चालतंय!

सासरे आता नक्की हरणार असं दिसलं, की जावयाला खोकला यायचा. खोकता खोकता टेबलाखाली त्याच्या उजव्या पायाचा अंगठा पुढे सरकायचा आणि जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डाचं बटण खट्कन बंद करून खट्कन चालू करायचा. फुटबॉलचं ते झगमगतं मैदान, ओरडणारे प्रेक्षक, धापा टाकणारे खेळाडू क्षणात गडप व्हायचे. टीव्हीवर उरायचा नुसता निळा पडदा आणि ‘सिग्नल नाही’ ही पाटी.

"गेलं!" सासरे मांडीवर हात मारायचे. "आत्ता जिंकत होतो मी!"

"हो ना, बाबा," जावई हळहळायचा. "मी थोडक्यात वाचलो."

अंगठ्यावर अशी वेळ का आली, ते समजायला सासरे समजले पाहिजेत. सासऱ्यांनी उभा जन्म एका मोठ्या गोदामात माल तपासायची नोकरी केली. आलेल्या मालात खोट काढायची आणि माल परत पाठवायचा, एवढंच काम. निवृत्तीनंतर गोदाम सुटलं, सवय सुटली नाही. पावसात ओली होते म्हणून त्यांनी छत्री परत केली होती. चपलांचा एक जोड तर इतक्यांदा परत गेला, की पुढे पुढे त्या चपला कुणाच्या पायात नसतानाही आपणहून दुकानात जाऊन बसत, असं दुकानदार शपथेवर सांगायचा. बाजारात त्यांना ‘परतकाका’ म्हणत. ते कोपऱ्यावर दिसले की अर्ध्या बाजाराची शटरं खाली यायची. सध्या त्यांच्या घराची डागडुजी चालली होती, पण फरशा पसंत पडेनात. ट्रक फरशा आणायचा आणि त्याच फरशा घेऊन जायचा. म्हणून तर सासरे आणि सासूबाई लेकीकडे राहायला आले होते.

लग्नात एक जावई तेवढा परत पाठवता आला नाही, ही रुखरुख सासऱ्यांच्या चेहऱ्यावर अगदी उघड दिसे. जावई सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचा. माणूस साधा, निर्व्यसनी, पण सासरे त्याच्याशी बोलत नसत, ‘हं’ म्हणत. जावयाने हवामानापासून गुडघेदुखीपर्यंत सगळे विषय पुढे करून पाहिले. सगळे ‘हं’ होऊन परत आले. जेवणाच्या टेबलावर इतकी शांतता असायची, की मीठ सांडलं तरी दचकायला व्हायचं. बायको रात्री म्हणायची, "एकदा तरी हसवून दाखव ना रे त्यांना. तू आणि बाबा असे बसलात की मला घरात कुणी आजारी आहे असं वाटतं."

मग एका रविवारी जावई व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर एकटाच फुटबॉल खेळत बसला असताना सासरे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तो डावीकडचा मोकळा पळतोय, त्याला का देत नाही बॉल?"

जावयाच्या हातातून रिमोटच पडला. ते सासऱ्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं सोफ्यावर शेजारी बसू लागले. सासरे ‘जावईबापू’ म्हणू लागले. खेळता खेळता गोदामातले किस्से सांगू लागले आणि एकदा तर आपणहून म्हणाले, "चहा घेणार का अर्धा?" बायकोने ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पण सासऱ्यांना हरणं सोसत नसे. धाकट्या भावाकडून बुद्धिबळात एकदा मात खाल्ली, तेव्हापासून दोघे भाऊ भिंतीला भिंत लागून राहत असूनही एकमेकांशी पोस्टमनमार्फत बोलत. आता सासरे एक मॅच हरले, की पुन्हा ‘हं’ सुरू होणार आणि या वेळी ते जन्मभर पुरणार, हे जावयाला स्वच्छ दिसत होतं. म्हणून तो अंगठा.

चाललं असतं सुरळीत. पण एके दिवशी पडदा निळा झाल्यावर सासऱ्यांनी मांडीवर हात मारलाच नाही. त्यांनी कन्सोल उचलला, उलटा केला, कानाशी धरून हलवला आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी गोदामातली चमक आली.

"जावईबापू, मालात खोट आहे."

"असू दे हो, बाबा. थोडंसं तर बंद पडतं."

"असू दे? गॅरंटी आहे ना याची?"

"आहे, पण—"

"मग चला! चांगला माल वापरायला कुणीही येतं. खोटा माल परत करायला माणूस लागतो!"

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जाड चष्म्याची एक तरुण तंत्रज्ञ होती. तिने विचारलं, "काय होतंय?"

"दोन फॉल्ट आहेत," सासरे म्हणाले. "एक, मी जिंकायला आलो की बंद पडतं. दोन, मध्यंतरानंतर आकडे उलटे दाखवतं. गोल मी करतो, आकडा यांचा वाढतो."

या दुसऱ्या फॉल्टचं मूळ जावयाला पाठ होतं. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. सासरे बदलत नसत. आधी ज्या जाळ्याकडे धावायचे, नंतरही त्याच जाळ्याकडे धावायचे, तेवढ्याच त्वेषाने. ते जाळं आता त्यांचं स्वतःचं असायचं. त्यांचाच गोलकीपर आडवा पडून अडवायचा, तर त्यालाही चकवून ते गोल मारायचे. अशा माणसासमोर मुद्दाम हरणंसुद्धा जमत नसे. आणि हे त्यांना सांगणार कोण? ज्याने सख्ख्या भावाला पोस्टमनच्या हवाली केलं, त्याला?

तंत्रज्ञाने मशीन आत नेलं. दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि म्हणाली, "काका, दिवसभर चालवून पाहिलं. इथं तर छान चालतंय!"

"दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, म्हणून काय तो बरा झाला?" सासरे म्हणाले. "घरी बंद पडतं."

"बाबा, जाऊ दे ना," जावई त्यांच्या बाहीला धरून पुटपुटला.

"तुम्ही भिडस्त आहात, तुम्ही बोलू नका. पोरी, आमच्या घरची परिस्थिती वेगळी आहे."

"मग काका, घरची परिस्थिती इथं घेऊन या," ती बिचारी थट्टेने म्हणाली.

सासऱ्यांशी थट्टा करायची नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून टीव्ही उतरला, टेबल उतरलं, एक्स्टेंशन बोर्ड उतरला, मग हमालांच्या डोक्यावरून सोफा आला आणि सोफ्यावर बसूनच सासूबाई आल्या, मांडीत मटाराच्या शेंगांची टोपली घेऊन.

"या कशाला?" मॅनेजर धावत आला.

"खेळताना ही शेजारी मटार सोलत असते," सासरे म्हणाले. "परिस्थिती म्हणजे परिस्थिती."

सोफा मांडला. टीव्हीचा उजेड घरच्यासारखा पडेना, म्हणून पडदे ओढले. तरी सासऱ्यांना काहीतरी कमी वाटत होतं. घरी खिडकीतून शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकायचं. त्यावर मॅनेजर म्हणाला, कुत्रं आणायचं नाही, हवं तर वॉचमन भुंकेल. वॉचमन आधी लाजला, पण एकदा सूर लागल्यावर त्याला आवरणं कठीण झालं. मोबाइल दुरुस्तीला आलेली माणसं आपापला नंबर सोडून सोफ्यामागे उभी राहिली. बाहेर बातमी अशी गेली की आत सिनेमाचं शूटिंग आहे.

इथपर्यंत जावयाला एकच आशा होती: अंगठा. टेबल तेच, बोर्ड तोच. त्याने हळूच बूट काढला. तेवढ्यात तंत्रज्ञ म्हणाली, "मी खाली बसून वायरींवर लक्ष ठेवते. कुठे स्पार्क होतोय ते कळेल," आणि टॉर्च घेऊन ती सरळ टेबलाखाली शिरली. बोर्डासमोर आडवी झाली. टॉर्चचा उजेड नेमका जावयाच्या मोज्यावर पडला.

"दादा, पाय जरा मागे घ्या ना," ती खालून म्हणाली. "वायरीत अडकेल."

मॅच सुरू झाली. मध्यंतरापर्यंत सासरे झकास खेळले. मग बाजू बदलल्या, सासरे बदलले नाहीत. पहिला गोल त्यांनी स्वतःलाच मारला आणि मागे वळून गर्दीकडे पाहिलं. गर्दी गोंधळली. एक मुलगा म्हणाला, "अहो आजोबा—" त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. पाठोपाठ दुसरा गोल झाला, मग तिसरा.

"आता बंद पडेल बघा!" सासरे ओरडत होते. "माझं जिंकायचं आलं की पडतंच!"

जावयाला खोकला आला. त्याने तो काढूनही पाहिला, पण नुसत्या खोकल्याने कुठलं मशीन बंद पडतं? घड्याळ संपत आलं होतं. आता भर गर्दीत शिट्टी वाजणार, पडद्यावर भल्यामोठ्या अक्षरांत निकाल येणार, आणि घरी गेल्यावर उरलेल्या आयुष्याचं पहिलं ‘हं’ ऐकू येणार. जावयाने डोळे मिटून घेतले.

आणि पडदा निळा झाला.

मग सासरे सोफ्यावर उभे राहिले. "पाहिलंत? पाहिलंत सगळ्यांनी? जिंकत होतो की नाही मी?" गर्दीने टाळ्या वाजवल्या, वॉचमन आनंदाने भुंकला. टेबलाखालून तंत्रज्ञ बाहेर आली, तिच्या केसांत कोळिष्टक होतं. "बोर्डाचं बटण चालूच आहे, वायर ठीक आहे," ती चक्रावून म्हणाली. "मशीन आपोआपच गेलं!"

जावयाने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पाय जागेवर होता. मग त्याची नजर वर, भिंतीकडे गेली. बोर्डाची वायर भिंतीतल्या ज्या प्लगमध्ये लावली होती, त्याचं बटण सासूबाईंच्या कोपराला लागून होतं. सासूबाई खाली मान घालून मटार सोलत होत्या.

मॅनेजरने आणखी काही न विचारता नवं मशीन दिलं. सोफा उचलला जावा म्हणून त्याने सोफाही बदलून दिला असता.

परत येताना सासरे टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि मागे सोफ्यावर सासूबाई आणि जावई.

"तो अंगठा दिसतो हो, जावईबापू," सासूबाई हलकेच म्हणाल्या. "आणि तुमच्या खोकल्याला कफ नाही, तो ओळखू येतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी लग्न झाल्यापासून त्यांच्या पत्त्यांच्या डावावर चहा सांडतेय. आमच्या घरात पत्त्यांचा एक जोड कोरडा नाही."

"मग ते बुद्धिबळ? भावाबरोबरचं?"

"त्या दिवशी मी माहेरी गेले होते," सासूबाईंनी सुस्कारा टाकला.

जावयाला भरून आलं. आता घरात दोन माणसं होती. एक बोर्डाशी, एक भिंतीशी. सासऱ्यांना यापुढे हरवायची कुणाची छाती नव्हती.

घरी आल्यावर बायकोने नव्या मशीनवरची माहिती वाचली. "अरे वा! यात आत बॅटरी आहे. लाइट गेली तरी चालू राहतं, आणि बंद केलंच तर डाव जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होतो."

"याला म्हणतात माल!" सासरे म्हणाले.

सोफ्याच्या दोन टोकांना दोन चेहरे पांढरे पडले.

संध्याकाळी मॅच सुरू झाली. मध्यंतर झालं. सासऱ्यांनी बॉल घेतला आणि दणादण आपल्याच गोलकडे निघाले. सासूबाईंनी भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं, जावयाने अंगठा दाबून पाहिला. टीव्ही दुसऱ्याच प्लगला होता आणि मशीनला तर कुणाचीच गरज नव्हती. शेवटी जावयाने रिमोट खाली ठेवला.

"बाबा, एक सांगू? मध्यंतरानंतर बाजू बदलतात. ते जाळं तुमचं आहे."

सासऱ्यांचे हात थांबले. सासूबाईंच्या हातातला मटार थांबला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे," सासरे सावकाश म्हणाले, "इतके दिवस तुम्ही बरोबर बाजूला मारत होता?"

"हो."

"आणि मी आपला गप्प! म्हटलं, गुणी मुलगा आहे, दिशेचं तेवढं कळत नाही. स्वतःच्याच जाळ्यात गोल मारतो बिचारा. त्यातून नोकरी नकाशे काढायची! ऑफिसात सांभाळून घेत असतील. पण जावई माणूस, तोंडावर कसं सांगायचं? शिवाय सुरुवातीला मी ‘हं’ सोडून काही बोललो नव्हतो, त्याची भरपाई म्हणून रोज मुकाट्याने तुमच्याशी खेळत होतो." एवढं बोलून ते पोट धरून हसले. घरातलं कपाट हाललं म्हणतात. "चला, नव्याने मांडा डाव! आता बघतोच."

आणि त्यांनी पाहिलं. इतके दिवस स्वतःच्याच गोलकीपरला चकवून चकवून सासऱ्यांचा हात असा काही बसला होता, की जावयाच्या गोलकीपरची त्यांच्यापुढे डाळ शिजेना. पहिल्या अर्ध्यात गोल, दुसऱ्या अर्ध्यात गोल. शेवटी तर पडद्यावरचा जावयाचा गोलकीपर खांबाला टेकून खाली बसला. शिट्टी वाजली. निकाल भल्यामोठ्या अक्षरांत आला.

"काय म्हणता, जावईबापू?" सासरे म्हणाले.

"हं," जावई म्हणाला.

"चहा घेणार अर्धा?"

"हं."

जेवायलाही जावई खोलीतून बाहेर आला नाही. बायकोने दार वाजवून पाहिलं, सासूबाईंनी हाका मारून पाहिल्या. शेवटी सासरे स्वतः उठले, बंद दाराशी जाऊन उभे राहिले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "अहो, मनाला लावून घेऊ नका. नव्या मशीनमध्येच काहीतरी खोट असणार. उद्या सकाळी परत करून येऊ!"